पहिले चोवीस तास

(मारेगाव, जि. यवतमाळ येथील व्याख्यानाचा मजकूर)



यवतमाळ जिल्ह्याला अटक हा शब्द नवा नाही. जुलै १९३० मध्ये या जिल्ह्याच्या रानांत जंगल सत्याग्रह झाला. मारेगावच्या शेजारी, वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे हे त्या लढ्याचे अग्रणी होते. राखीव जंगलातील गवत कापायचे, परकीय सत्तेचा जंगल कायदा उघडपणे मोडायचा आणि हसतमुखाने अटक पत्करायची, असे त्या सत्याग्रहाचे स्वरूप होते. २१ जुलै १९३० रोजी डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी यवतमाळजवळ आपल्या सहकाऱ्यांसह हा सत्याग्रह केला. तत्पूर्वी सरसंघचालकपदाची जबाबदारी त्यांनी डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपविली होती. डॉक्टरांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी अकोल्याच्या तुरुंगात भोगली.

या अटकेचा एक विशेष सहसा ध्यानात येत नाही. अटक कोणी केली, कोणत्या कायद्याखाली केली, माणसाला कोठे नेले आणि कोणापुढे उभे केले, हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होते. गळ्यात हार होते, मागे जयघोष होता. अशा अटकेत देहाला कष्ट होतात. पण माणूस एकाकी होत नाही.

आजच्या विवेचनाचा विषय मात्र वेगळ्या अटकेचा आहे. एखाद्या पोडावरचा कोलाम तरुण, वेचणीच्या कामावर आलेला मजूर, तालुक्याच्या गावातील एखादा लहान दुकानदार. रात्री अकरा वाजता दाराशी गाडी उभी राहते. "साहेबांनी बोलावले आहे, चौकशी आहे, सकाळी परत येशील," एवढे शब्द कानी पडतात आणि गाडी निघून जाते. कोणत्या ठाण्यात नेले, अटक केली की नुसतेच बसवून ठेवले, गुन्हा काय, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. तेथे हार नसतात, जयघोष नसतो. म्हातारी आई रात्रभर उंबऱ्यावर बसून राहते. या माणसाला भारताच्या संविधानाने काय दिले आहे आणि जे दिले आहे ते त्याच्या हाती का पडत नाही, हे समजून घेणे, हा आजचा हेतू आहे.

संविधानाची तटबंदी

अटक म्हणजे शिक्षा नव्हे, हे पहिले सूत्र. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम आहे. तपासासाठी किंवा आरोपी पळून जाऊ नये म्हणून त्याचे स्वातंत्र्य काही काळ रोखून धरण्याचा मर्यादित अधिकार पोलिसांना आहे. या अधिकाराची सीमा संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात आखलेली आहे. अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकडून बचाव करून घेण्याचा हक्क नाकारता येणार नाही. आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. त्याच्या आज्ञेवाचून एक घटकाही अधिक कोठडीत ठेवता येणार नाही.

ही तरतूद संविधानात आली कशी, हेही उद्बोधक आहे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांविषयीच्या अनुच्छेदाचा जो मसुदा संविधान सभेने स्वीकारला, तो अपुरा आहे, अशी टीका देशभर झाली. तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नवा अनुच्छेद मांडला. यातील दोन प्रमुख गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासूनच आहेत, मग त्या संविधानात कशासाठी, या शंकेचे त्यांनी दिलेले उत्तर आजही मननीय आहे. साध्या कायद्यातील तरतूद विधिमंडळ केव्हाही काढून टाकू शकते; संविधानात घातलेली तरतूद तशी सहज काढता येत नाही. संसदेच्या हातालाही येथे मर्यादा घालावी, असा त्यांचा आशय होता. बाबासाहेबांची ही दूरदृष्टी किती यथार्थ होती, ते पुढे सव्वीस वर्षांतच देशाला कळून चुकले.

आणीबाणीची शिकवण

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारण्यात आली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने १४, २१ आणि २२ या अनुच्छेदांखाली न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार निलंबित झाला. ३० जूनला सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना नागपुरात अटक होऊन त्यांची रवानगी येरवड्याला झाली. ४ जुलैला संघावर बंदी आली. मिसा कायद्यात अशी दुरुस्ती करण्यात आली की, स्थानबद्धाला स्थानबद्धतेची कारणे सांगण्याचेही बंधन उरले नाही. ज्या मध्यमवर्गीय घरांनी पोलीस ठाण्याची पायरी कधी चढली नव्हती, त्या घरांतील शिक्षक, वकील, कारकून येरवड्याच्या आणि नाशिक रोडच्या बराकींत पोहोचले. माणूस का गेला, केव्हा येणार, या प्रश्नांना उत्तर नव्हते. पगार थांबलेला, मुले शाळकरी, शेजारी बोलायला कचरणारे, हा अनुभव त्या पिढीतील अनेक गृहिणींनी मूकपणे सोसला.

अनेक उच्च न्यायालयांनी, त्यांत नागपूर खंडपीठानेही, स्थानबद्धांना दाद मागता येते, असा निर्णय दिला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. बेकायदेशीरपणे कोणाचा प्राण घेतला गेला तरी दाद नाही काय, या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या प्रश्नाला सरकारच्या वतीने महान्यायवादींनी दिलेले उत्तर, आणीबाणी असेपर्यंत दाद नाही, असेच होते. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचापैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. त्याची किंमतही त्यांनी मोजली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीशपद देण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्या अंधारातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने २० आणि २१ हे अनुच्छेद आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत, असे ठरले. आणि १९७६ चा तो निर्णय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरविला. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निर्णय सदोष म्हणून पुसून टाकणाऱ्यांत त्यांचेच पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते.

आणीबाणीच्या आठवणी आपल्याकडे दरवर्षी जागविल्या जातात. त्या जागविल्याच पाहिजेत. परंतु त्यातून निघणारा बोध केवळ एका पक्षाच्या निषेधापुरता राहिला, तर त्या तुरुंगवासाचे चीज झाले नाही, असेच म्हणावे लागेल. कारण न सांगता माणसाला उचलून नेणे हे पाप आहे, हा तो बोध आहे. मग सत्ता कोणाचीही असो आणि उचललेला माणूस कोणीही असो.

आजचा कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमांचे क्रमांक बदलले. अटकेविषयीचे मूळ हक्क कायम आहेत. ते पाठ करण्याची गरज नाही. मात्र त्यांचा क्रम प्रत्येक कार्यकर्त्याच्या ध्यानात असावा.

पहिली गोष्ट अटकेपूर्वीची. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात केवळ तक्रार आली म्हणून अटक करता येत नाही. अटक का आवश्यक आहे, याची कारणे अधिकाऱ्याने लिहून ठेवावी लागतात. अटकेची गरज नसेल तर कलम ३५ प्रमाणे हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निर्णयात हे कठोरपणे बजावले आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील किंवा आजारी माणसाला अटक करण्यापूर्वी उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल, तर स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील वृद्ध, अपंग आणि गंभीर आजारी यांना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचे असते.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष अटकेच्या क्षणाची. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा लेखी पंचनामा त्याच वेळी झाला पाहिजे. त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा त्या परिसरातील प्रतिष्ठित नागरिकाची साक्ष आणि अटक झालेल्याची स्वाक्षरी हवी. अटकेची बातमी आपल्या कोणत्या नातलगाला किंवा मित्राला द्यावी, हे सांगण्याचा हक्क त्या माणसाला आहे आणि ती बातमी देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. गुन्हा जामीनपात्र असेल, तर तसे सांगणेही बंधनकारक आहे.

तिसरी गोष्ट स्त्रियांविषयी. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. तशी वेळ आलीच, तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. या नियमामागे विदर्भाचे दुःख आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या ठाण्यात, रात्रीच्या वेळी चौकशीसाठी आणलेल्या एका वनवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा आरोप झाला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि आरोपी सुटले. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये विधी क्षेत्रातील चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर क्षोभ उसळला आणि १९८३ मध्ये कोठडीतील अत्याचाराविषयीचा कायदाच बदलला.

चौथी गोष्ट कोठडीतील. वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे आणि अंगावरील जखमांची नोंद झाली पाहिजे. स्त्रीची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली व्हावी. चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येते. वकील अखंड जवळ बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब सर्वसाधारण गुन्ह्यांत न्यायालयात पुरावा ठरत नाही. मारून कबूल करून घेण्याने खटल्याला बळ येत नाही, ते यामुळेच. बेड्या सरसकट घालता येत नाहीत. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला आरोपी, दहशतवाद, खून, बलात्कार यांसारखी गंभीर प्रकरणे कायद्याने वेगळी काढली आहेत.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, चोवीस तास. रविवार असो की सण, घड्याळ थांबत नाही. न्यायालय बंद असले तरी आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे न्यावेच लागते. तेथे उभे राहिल्यावर, "मारहाण झाली काय?" या प्रश्नाला खरे उत्तर देण्याची ती संधी असते. बहुतेक गरीब माणसे ती दवडतात. कारण त्याच पोलिसांबरोबर परत जायचे असते आणि सोबतीला आपले असे कोणी नसते.

तीन पत्रे

हे हक्क आकाशातून पडले नाहीत. त्यांच्या मागे तीन पत्रे आहेत.

मे १९८२ मध्ये शीला बर्से या पत्रकार महिलेने मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाला निर्देश मिळाले: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात आणि त्यांवर महिला पोलिसांचा पहारा असावा, अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवावे, आणि अटक झालेल्याचे हक्क सांगणारी पत्रके मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावीत.

दुसरे पत्र बंगालमधून आले. विधी साहाय्याचे काम करणारे डी. के. बसू यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना लिहिले. त्यातून १८ डिसेंबर १९९६ चा प्रसिद्ध निर्णय आला. त्यातील अकरा निर्देश आज संहितेच्या कलमांत उतरले आहेत. तिसरे पत्र ओडिशातील एका मातेचे. तिचा तरुण मुलगा कोठडीत नेला गेला तो परत आला नाही. रेल्वेमार्गावर त्याचे प्रेत सापडले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला दीड लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि कोठडीतील मृत्यूला राज्य जबाबदार असते, हे तत्त्व दृढ झाले.

एक पत्रकार, एक विधी कार्यकर्ते आणि एक शोकाकुल माता. तिघांपैकी कोणाकडेही सत्ता नव्हती. अन्याय पाहून गप्प न राहण्याची वृत्ती तेवढी होती.

तरीही प्रश्न संपलेला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत अटकेतील एका तरुणाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. तो पळून गेला, असा बनाव रचून त्याचा मृतदेह आंबोलीच्या परिसरात नेऊन जाळल्याचे उघड झाले आणि पोलीस उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. कायदा पुस्तकात होता. त्या रात्री ठाण्याच्या दाराशी तो नव्हता. पुढे, २ डिसेंबर २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे बसविण्याचा आणि चित्रण किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला.

कोणत्या भाषेत?

मारेगावसारख्या तालुक्याच्या दृष्टीने आणखी एक निर्णय फार मोलाचा आहे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे अमरावतीचेच सुपुत्र, आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात असे ठरविले की, अटकेची कारणे लेखी दिली पाहिजेत आणि ती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. अटकेच्या क्षणी तसे करणे शक्य नसेल, तर तोंडी सांगावे. पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कारणे हाती पडलीच पाहिजेत. हे घडले नाही तर ती अटक बेकायदेशीर ठरते.

"समजणाऱ्या भाषेत" या दोन शब्दांचा विचार पोडावर बसून करावा. कोलामांची मातृभाषा कोलामी आहे, गोंडांची गोंडी. पोलीस ठाण्यातील मराठी ही कागदी मराठी. "सदर इसमाने संगनमताने" असे वाक्य शहरातील शिकलेल्या गृहस्थालाही दोनदा वाचावे लागते. मग आयुष्यभर कोलामीत सुख-दुःख बोललेल्या माणसाला ते काय कळणार? त्याने मान हलविली, अंगठा उमटविला, म्हणून त्याला कळले, असे मानायचे काय? गावातील शिक्षक, ग्रामसेवक, महाविद्यालयात जाणारा त्याच पोडावरचा मुलगा, यांपैकी कोणी त्या वेळी शेजारी उभा राहून चार वाक्ये त्याच्या भाषेत सांगू शकला, तर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय खऱ्या अर्थाने मारेगावात पोहोचला, असे म्हणता येईल.

परका कोण?

येथे एका अवघड प्रश्नाला सामोरे जावे लागते. आपल्या माणसाला पकडले की आपल्याला कायदा आठवतो. दुसऱ्याला पकडले की, "दोन फटके दिल्याशिवाय बोलायचा नाही," असे सहज तोंडून जाते. सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांतही हे वाक्य ऐकू येते.

१८७१ मध्ये इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. पण मनातून तो गेला काय? गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते. गिरीश प्रभुणे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पालावर राहून, तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला या मुलांची शाळा उभी करून समाजाला जे दाखविले, ते हेच की, ज्याला चोर म्हणून हिणविले तोही याच हिंदू समाजाचा लेकरू आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही, याची काळजी घेण्यास पोलिसांना बजावले. समरसता हा शब्द व्यासपीठावर उच्चारणे सोपे असते. त्याची परीक्षा पारध्याला उचलल्यानंतरच्या रात्री होते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका युवतीवर अत्याचार करून तिला जाळण्यात आले. चार संशयितांना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. त्या क्रौर्याने कोणाचेही रक्त उसळावे, हे स्वाभाविकच होते. पुढे, नागपुरात वकिली केलेले निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०२२ मध्ये अहवाल दिला. पोलिसांनी सांगितलेली चकमकीची कथा विश्वासार्ह नाही आणि मृतांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष होता. खटलाच न चालल्याने त्या कन्येला न्यायालयाकडून मिळणारा न्यायही मिळाला नाही. उधळलेली फुले मात्र परत घेता येत नाहीत.

जुलै २०२५ मधील दोन निकालही शेजारी ठेवून पाहावेत. ३१ जुलैला मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातील, साध्वी प्रज्ञासिंह आणि लेफ्टनंट कर्नल पुरोहित यांच्यासह, सातही आरोपींना निर्दोष सोडले. अटकेपासून जवळजवळ सतरा वर्षे लोटली होती. साध्वींची बेकायदेशीर स्थानबद्धतेची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केली नव्हती. पण खटला अखेर पुराव्यावर टिकला नाही. त्याच्या दहाच दिवस आधी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या रेल्वे स्फोट खटल्यातील बारा जणांची शिक्षा रद्द केली. त्यांचे कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ते छळाने घेतले गेले, असे न्यायालयाने म्हटले. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तो निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, अशी स्थगिती २४ जुलैला मिळाली.

एका निकालाने अनेक घरांत पेढे वाटले गेले, दुसऱ्याने त्याच घरांत संताप उसळला. परंतु विवेकी मनाने दोन्हींकडे एकाच नजरेने पाहिले पाहिजे. रेल्वेच्या डब्यांत पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली, मालेगावात सहा मेली. त्यांना मारणारे कोणी तरी होते. कोठडीत नियम मोडले, कबुलीवर विसंबून तपास आटोपला, तर निरपराध माणसाची उमेदीची वर्षे जातात आणि खरा अपराधी मोकळा राहतो. अटकेच्या वेळचे नियम आरोपीचे लाड करण्यासाठी आहेत, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. ते नियम मृतांच्या आप्तांसाठीही आहेत.

याचा अर्थ पोलीस शत्रू आहेत, असा नव्हे. अपुरे मनुष्यबळ, बंदोबस्ताचा ताण, वरून येणारा "आरोपी कुठे आहे?" हा दबाव, हे सारे त्यांच्या वाट्याला येते. नियमाने वागणाऱ्या ठाणेदाराला गावाचा आधार मिळाला पाहिजे. आणि हा आधार म्हणजे झटपट कबुलीची मागणी न करण्याचा संयम.

कार्यकर्त्याने काय करावे?

काम मोठे नाही, पण वेळेवर करण्याचे आहे. अटकेची वार्ता कळताच त्या घरी जावे. दोघे-तिघे मिळून शांतपणे ठाण्यात जावे; घोषणा नकोत, हुज्जत नको. तीन प्रश्न विचारावेत: अटक केली आहे काय आणि किती वाजता? कोणत्या कलमाखाली? दंडाधिकाऱ्यापुढे केव्हा नेणार? अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असावा लागतो. त्याच्याकडून ती घ्यावी. विचारलेली वेळ आणि मिळालेले उत्तर वहीत टिपून ठेवावे.

त्याच वेळी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. १९८७ च्या कायद्यानुसार कोठडीतील कोणाही व्यक्तीला, तसेच स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्नाची अट न लावता वकील विनामूल्य मिळतो. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. हा क्रमांक शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि पोडावरच्या समाजमंदिराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिला, तर एका दिवसाचे काम कित्येक वर्षे पुरेल. जामीन मंजूर झाल्यावर जामीनदार नाही म्हणून माणूस आत राहतो. असा परिचित जामीनदार मिळवून देणे, ही सेवाच आहे. तपास साठ किंवा नव्वद दिवसांत संपला नाही, तर जामिनाचा हक्क उत्पन्न होतो. तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. ती तारीखही त्याच वहीत असावी.

आणि हे करताना तो माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, कोणत्या देवाला हात जोडणारा, हे विचारू नये. तो दोषी आहे काय, हेही विचारू नये. ते न्यायालय ठरवील. दोषी ठरला तर शिक्षा भोगील. तो न्यायालयापर्यंत धडधाकट आणि वेळेत पोहोचला पाहिजे, एवढेच समाजाचे मागणे असावे.

१९३० साली या जिल्ह्यातून तुरुंगात गेलेल्यांच्या मागे समाज उभा होता, म्हणून त्यांची मान ताठ राहिली. १९७५ मध्ये कित्येक घरांमागे कोणी उभे राहण्यास धजत नव्हते. तरी रात्रीच्या अंधारात शिधा पोहोचविणारे, मुलांच्या फीची सोय करणारे हात होते. त्या हातांची परंपरा पुढे न्यावयाची आहे. आज रात्री कोणाच्या तरी दाराशी गाडी थांबेल. उंबऱ्यावर बसलेल्या त्या आईच्या शेजारी सकाळ होईपर्यंत कोणी येऊन बसले काय, ठाण्यात जाऊन ते तीन प्रश्न विचारले काय, यावर या गावाचे संविधान किती जिवंत आहे, ते ठरणार आहे.